तिसऱ्या बाजाराची पिल्लं

आमच्या मराठीच्या सरांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "सर, अनुभव लिहायला आधी नोकरी लागते. मी तर अजून बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे." या अंकात लिहिणारी माणसं मी दरवर्षी पाहते. कुणी तीस वर्षं शाळेत शिकवलेलं असतं, कुणी पोस्टातून निवृत्त झालेलं असतं. त्यांच्या लेखाखाली नाव छापलं की ते शोभतं.

सर म्हणाले, "तू ते अंडी उबवण्याचं काम करतेस ना? किती वर्षं झाली?"

"सव्वातीन."

"मग तेच लिही. एवढ्यांदा जन्म पाहिलेलं माणूस या अंकात दुसरं कोणी नाही."

म्हणून लिहितेय. लेख लिहायची सवय नाही, तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नेर तालुक्यात आहे. बाबा हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये जातात, बाकीचे महिने मिळेल ते काम करतात. आई मजुरीला जाते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. रोज सकाळच्या एसटीने यवतमाळला जाते आणि दुपारनंतरच्या एसटीने परत येते. अंडी उबवण्याचं काम या दोन एसट्यांच्या अलीकडे-पलीकडे चालतं.

सुरुवात ठरवून झाली नाही. मी बारावीला असताना आमची एक खुडूक कोंबडी, म्हणजे अंड्यांवर बसलेली कोंबडी, चौथ्या-पाचव्या दिवशी उठून गेली ती परत बसलीच नाही. अंडी फुकट जातील म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि औषधांच्या दुकानातून थर्माकोलचा रिकामा डबा मागून आणला. व्हिडिओत सांगितलं होतं, डब्यात बल्ब लावा. बाबांनी घरातला सगळ्यात चांगला बल्ब काढून दिला, नऊ वॅटचा एलईडी. डबा असा उजळला की आई म्हणाली, "याच्यात लग्न लागते का काय?" दोन दिवस अंडी त्या लख्ख उजेडात पडून राहिली आणि थंडगारच राहिली. एलईडीला उजेड असतो, ऊब नसते, हे मला तेव्हा कळलं. फिजिक्समध्ये मला बरे मार्क होते, म्हणून जास्त लाज वाटली.

आता पेटी कशी असते ते सांगते. थर्माकोलचा जाड डबा, झाकणाला काचेची खिडकी, आत जुना पिवळा बल्ब. हे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, ओळखीच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे सांगून ठेवावे लागतात. बल्बला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं, ते ऊब ठरलेल्या आकड्यावर पोचली की बल्ब बंद करतं, उतरली की चालू करतं. माणसाला थोडासा ताप आल्यावर अंग जितकं गरम लागतं, तितकी ऊब अंड्यांना लागते. कमी पडली तर पिल्लं उशिरा निघतात, जास्त झाली तर निघतच नाहीत. कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवायची, नाहीतर अंड्याच्या आतली पातळ साल वाळून पिल्लाला चिकटते.

आणि अंडी फिरवायची. कोंबडी दिवसभर चोचीने अंडी उलटीपालटी करते. तसं केलं नाही तर पिल्लू एका बाजूला चिकटून बसतं. म्हणून अंड्याच्या एका अंगावर पेन्सिलने फुली काढायची, दुसऱ्या अंगावर गोळा, आणि दिवसातून तीनदा बाजू बदलायची. सकाळची आणि संध्याकाळची पाळी माझी. दुपारची बाबांची. ते हात साबणाने धुऊन, टोपी काढून पेटीसमोर बसतात. मी कॉलेजातून आले की दारातच सांगतात, "तुह्या पोरायची कूस बदलून देली वो."

अठराव्या दिवशी फिरवणं बंद करायचं, पाणी वाढवायचं आणि झाकण उघडायचं नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं. लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवून डब्यावर गोधडी टाकायची. एवढंच आहे. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या पहिल्या तीन खेपांतून मात्र एकही पिल्लू निघालं नव्हतं.

चौथ्या खेपेला एका अंड्याला बारीक तडा गेला आणि त्यातून चोच दिसली. मला इतका आनंद झाला की मी ते हातात घेतलं. तास झाला, दोन तास झाले, पिल्लू पुढे सरकेना. मला वाटलं ते अडकलंय, बिचारं थकलंय. मी नखाने कवच सोलायला लागले. आतून रक्त आलं. पिल्लू शेवटच्या तासांत कवचातल्या शिरांमधलं रक्त आणि पोटाबाहेर उरलेला बलक अंगात ओढून घेत असतं, म्हणून ते थांबलेलं असतं. अडकलेलं नसतं. हे मी नंतर वाचलं. ते पिल्लू माझ्या तळहातावर गेलं. त्यानंतर मी पिल्लं निघायच्या दिवशी स्वतःचे हात ओढणीत गुंडाळून बसते. खोटं नाही सांगत.

हळूहळू पिल्लं निघू लागली आणि लोक अंडी घेऊन यायला लागले. रीत ठरली ती अर्ध्या वाट्याची. अंडी त्यांची, पेटी माझी, निघतील त्यातली अर्धी पिल्लं त्यांची, अर्धी माझी.

गिऱ्हाइकांचे बरेच नमुने पाहिले. एक काका थेट नेरहून दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांचा अख्खा ट्रे घेऊन आले.

"काका, याच्यातून पिल्लं निंघत नाहीत."

"काहून? अंडे नाहीत का हे?"

"अंडे हायेत. पण त्या कोंबड्यांनी कधी कोंबडा पाह्यलाच नाही."

काकांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज बारीक केला. "मंग अंडे कशे देतात त्या?"

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. दारात उभं राहून मी त्यांना सगळा धडा समजावून सांगितला. आतून आईच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. काका गेल्यावर आई म्हणाली, "कॉलेजात हेच शिकवतात का तुले?" काकांनी मात्र पुढच्या आठवड्यात गावरान अंडी आणली. वर बायकोलाही घेऊन आले, "तिले पण सांग थे," म्हणून.

एकाने कडकनाथची अंडी दिली होती. तो रोज सकाळी फोन करून विचारायचा, "आज कशे हायेत?" जसं काही दवाखान्यात पेशंट ठेवलाय. मीही सांगायचे, "बरे हायेत." पिल्लं निघाली ती काळीकुट्ट. आईने झाकणातून पाहिलं आणि घाबरून बल्बच बंद केला. तिला वाटलं जळाली. राजूरच्या एका नातेवाइकांनी बसने अंडी पाठवली होती, स्टीलच्या डब्यात टॉवेल गुंडाळून. टॉवेल कोळशाच्या धुळीने करडा झालेला. आई म्हणाली, "अंड्यायनं खाणीत ड्यूटी केलेली दिसते." प्रवास करून आलेल्या अंड्यांना एक दिवस टोक खाली करून विश्रांती द्यावी लागते. आई त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "आम्ही रोज वावरातून येतो, आम्हाले नाही भेटत अशी इश्रांती."

पण जी गोष्ट लिहायची म्हणून मी हा लेख कबूल केला, ती या कुणाची नाही. ती याडीची.

आमच्या गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर टेकडीच्या अंगाला बंजारा लोकांचा तांडा आहे. तिथे एक म्हातारी राहते. गोरबोलीत आईला याडी म्हणतात, आणि तिला तांड्यासह आमचं अर्धं गावही याडीच म्हणतं. पेटी सुरू केली त्या वर्षी ती ऐकून बघायला आली होती. काचेतून आत पाहिलं, बल्ब पाहिला, आणि हसत हसत म्हणाली, "डब्बा काय माय होते का वो?" तेव्हापासून रस्त्यात भेटली की, "काय वो डब्बेवाली, किती पोट्टे झाले?" असं सगळ्यांसमोर विचारायची. मला राग यायचा.

याडीकडे बोडक्या मानेच्या कोंबड्या असायच्या. या कोंबड्यांच्या मानेवर पिसं नसतात, लाल कातडी उघडी असते. दिसायला काही सुंदर नाहीत, पण आमच्याकडच्या उन्हात चांगल्या टिकतात. याडी लग्न होऊन तांड्यात आली तेव्हा तिच्या आईने अशी एक कोंबडी तिच्या बरोबर दिली होती. तिची पिल्लं, त्यांची पिल्लं, असं करत तो वंश याडीच्या घरात चालत आला. माहेरचं दुसरं काहीही आता तिच्याजवळ नव्हतं. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात तांड्यात मानमोडीचा रोग आला. त्यात कोंबड्यांच्या माना वळतात आणि त्या जातात. याडीच्या घरी एक कोंबडा आणि एक बोडकी, एवढीच उरली.

गेल्या वर्षी मार्च संपत आला असताना, एका सोमवारी सकाळी मी बॅग भरत होते तेव्हा याडी दारात आली. ओढणीचा झोळा करून तो पोटाशी धरला होता. आज ती हसली नाही.

"मुंगसानं बोडकी नेली," ती म्हणाली. "अंड्यावर बसली होती. उठली नाही वो ती, अंड्यावरच धरली त्यानं."

ओढणीत नऊ अंडी होती. सगळी बोडकीचीच. प्रत्येकावर कोळशाची रेघ होती. दुसऱ्या कोंबड्या येऊन त्याच टोपल्यात अंडी घालून जातात, म्हणून बसवलेल्या अंड्यांवर अशी खूण करतात.

आई म्हणाली, "तुमच्या तांड्यात नाही का दुसरी कोणी खुडूक?"

"मानमोडीनं ठेवली का कोणती?" याडी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माह्या माहेरची एवढीच राह्यली. काढून दे."

मी वही काढली. मला सगळं वहीत लिहायची सवय आहे. "किती दिवसांची आहेत अंडी?"

"बाजाराच्या दिवशी बसवली. एक बाजार होऊन गेला."

आमच्याकडच्या बाया अशाच मोजतात. कोंबडी बसवली त्या दिवसापासून तिसऱ्या बाजाराला पिल्लं. तीन आठवडे, एकवीस दिवस, हिशोब बरोबर बसतो. आमच्या गावचा बाजार मंगळवारी असतो. मी बोटं मोजली आणि लिहिलं: मंगळवारी बसवली, आज तेरावा दिवस.

अंडी पेटीत ठेवण्याआधी मी ती एकेक करून मोबाइलच्या टॉर्चवर धरली. तेराव्या दिवशी अंडं आतून बरंच काळं भरलेलं दिसायला हवं. ही त्या मानाने उजळ होती, शिरा अजून मोकळ्या दिसत होत्या. मी मनात म्हटलं, कोंबडी गेल्यावर थंड पडली असतील, वाढ मागे पडली असेल. टॉर्च मला खरं सांगत होता. मी वहीवर विश्वास ठेवला.

याडीने जाताना काचेवर हात ठेवला. "डब्ब्या, नीट ठेव," असं काहीतरी पुटपुटली आणि गेली.

त्यानंतरचे दिवस मी कॉलेजात कशी बसले ते मलाच ठाऊक. बाबांनी दुपारची पाळी इतक्या निष्ठेने केली की एक दिवस कामही सोडलं. शनिवारी, माझ्या मोजणीने अठराव्या दिवशी, मी फिरवणं बंद केलं, पाणी वाढवलं. मंगळवारी एकविसावा दिवस. मी कॉलेजला दांडी मारली आणि हात ओढणीत गुंडाळून पेटीसमोर बसले.

काही झालं नाही.

बाहेर बाजार भरला होता. याडी विचारायला आली नाही. मला त्याचं नवल वाटलं. मग वाटलं, तिने आशा सोडली असेल. बुधवारी बाबा काचेला कान लावून बसले. "काही आवाज नाही वो, प्रज्ञा," ते म्हणाले. निघायच्या आदल्या दिवशी पिल्लं अंड्यात चिवचिवतात. इथे सगळं गप्प होतं. टॉर्च लावला तर आता आत नुसता काळोख दिसत होता, हालचाल कळत नव्हती.

गुरुवारी, माझ्या वहीतल्या तेविसाव्या दिवशी, मी बल्ब बंद केला. बाविसाव्या दिवसानंतर वाट पाहायची नाही, हा मीच घालून घेतलेला नियम. राहिलेली अंडी पुरून टाकायची. मी टोपलं घेतलं, त्यात टॉवेल घातला, अंडी ठेवली. पण पुरायला हात होईना.

बाबा म्हणाले, "दुसऱ्याचं मातीत घालाचं तं इचारून घालावं."

आई म्हणाली, "जा, सांगून ये. याडी काही मारत नाही तुले."

मी तांड्याच्या वाटेला लागले. रस्ताभर वाक्यं पाठ करत होते. याडी, मी सगळं बरोबर केलं होतं. याडी, कोंबडी गेल्यावर अंडी थंड पडली असतील. प्रत्येक वाक्य सुरू केलं की ते दुसऱ्या कुणावर तरी ढकलल्यासारखं वाटायचं.

याडी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी टोपलं खाली ठेवलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले.

"याडी, अंडी खराब झाली. आज तेवीस दिवस झाले."

तिने अंड्यांकडे पाहिलं नाही. तिने घराच्या भिंतीकडे पाहिलं. दाराजवळच्या मातीच्या भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा ओढलेल्या होत्या.

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मंग बाजार कवा हाये?"

"परवा झाला ना. मंगळवारी."

"थो तुमचा बाजार." याडीने मोहाची ओंजळ खाली ठेवली. "आम्ही कवा गेलतो तुमच्या बाजाराले? आमचा बाजार टेकडीच्या तिकडचा. शुक्रवारचा. उद्या हाये तिसरा बाजार. मी रेघ ओढली का? मंग तू कायले घेऊन आली माहे पिलं?"

मी तिथेच खाली बसले आणि बोटं मोजली. शुक्रवारी बसवली. आज गुरुवार. विसावा दिवस. कुणीच उशीर केला नव्हता. मी तीन दिवस आधी पोचले होते, आणि आता त्या अंड्यांना उघड्या टोपल्यात तांड्यापर्यंत घेऊन आले होते.

मला रडू आलं. याडी म्हणाली, "रडू नको. पानी घेऊन ये."

तिने घमेल्यात पाणी घेतलं, त्यात थोडं गरम ओतलं आणि कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाहतात तसं. पाणी हलायचं थांबेपर्यंत थांबली. मग एक अंडं अलगद सोडलं. ते तरंगत स्थिर राहिलं. याडी बोटाने "थांब" म्हणाली. अंडं आधी किंचित थरथरलं, मग डावीकडे डोललं, मग उजवीकडे. बाहेरून कुणी हात लावलेला नव्हता. आतून कुणीतरी पाय मारत होतं.

"हे जित्तं," याडी म्हणाली.

नऊपैकी सात डोलली. दोन गप्प राहिली. ती दोन माझ्या खात्यात आहेत, हे मी इथे लिहून ठेवते. फिरवणं मी पंधराव्या दिवशीच थांबवलं होतं ना.

सातही अंडी पुसून याडीने ओढणीत घेतली, काचोळीला, म्हणजे अंगातल्या चोळीला, लावून धरली आणि माझ्यापुढे चालायला लागली. त्या वयातही तिची चाल मला झेपेना. एप्रिलचं ऊन वर आलं होतं. एरवी त्या उन्हाला मी शिव्या देते. त्या दिवशी म्हटलं, अजून थोडं ताप बाबा.

घरी बाबांनी बल्ब आधीच लावून ठेवला होता. मी पुरून येईन की परत आणीन हे त्यांना माहीत नव्हतं. "लावून ठेवला, काय जाते आपलं," एवढंच म्हणाले.

दुपारी याडी पेटीसमोर मांडी घालून बसली. थोड्या वेळाने तिने तोंडाने आवाज काढायला सुरुवात केली. कुक् कुक् कुक्, खाली, गळ्यातला, खुडूक कोंबडी पिल्लांशी बोलते तसा. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली. मला हसावं की नाही कळेना. पुन्हा कुक् कुक्. आणि पेटीतून, अगदी बारीक, एक "चीं" आलं.

बाबांनी टोपी काढली.

"डब्ब्याले बोलता येत नाही ना," याडी म्हणाली. "म्हून म्या बोलली."

संध्याकाळी ती घरी गेली आणि शुक्रवारी सकाळी परत आली. तो तिच्या बाजाराचा दिवस होता. तिने बाजार चुकवलेला तांड्यात कुणाला आठवत नाही.

दहाच्या सुमारास पहिलं पिल्लू निघालं, मग दुसरं. दोन्ही ओली, दोन्हींच्या मानेवर पिसं. याडीने नुसतं "हूं" केलं. बोडक्या कोंबडीची सगळीच पिल्लं बोडकी निघत नाहीत, बापावरही जातात. हे आम्हा दोघींना माहीत होतं, तिला पाहून आणि मला वाचून.

तिसऱ्या अंड्याला सकाळपासून तडा होता. चोच दिसायची आणि थांबायची. एक तास झाला. दीड तास झाला. याडी चुळबुळ करायला लागली.

"अडकलं वो ते. काढू का?"

"नाही याडी."

"मरून जाईन. नखानं थोडंसं फोडतो."

"नाही."

"तुले काय समजते? तीन दिवस आधी घेऊन आलती!"

ते खरंच होतं. पण तिचा हात झाकणाकडे गेला तेव्हा मी तो धरला. माझ्या तळहातावर गेलेल्या पिल्लाची गोष्ट मी तिला सांगितली. घरातही कुणाला सांगितली नव्हती. आई दारात उभी राहून ऐकत होती. याडीने हात पुढे नेला नाही, पण सोडवूनही घेतला नाही.

"कोंबडीखाली काय चालते, थे म्या जन्मात नाही पाह्यलं," ती हळूच म्हणाली. "कोंबडी बसते, आन् मंग पिलं निंघतात. मधातलं हे असं असते का?"

"असंच असते."

"लय कठीन हाये बापा."

जेवणाची वेळ टळून गेल्यावर त्या अंड्याची टोपी गोल तुटून बाजूला पडली. पिल्लू बाहेर लोळलं, धडपडलं, आणि बल्बकडे मान वर केली. लांब, लाल, उघडी मान. वर एवढासा पिसांचा झुबका, टोपी घातल्यासारखा.

याडीने ओढणी तोंडावर घेतली. बाबा मागून म्हणाले, "हे तं माह्यासारखंच टकलं हाये," आणि मग सगळेच हसलो, याडी ओढणीच्या आतून.

सातातली सहा पिल्लं निघाली. तीन बोडकी.

वाट्याचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, मला काही नको, चूक माझी होती. याडी म्हणाली, "चूक तुही, पेटी पन तुहीच." त्या दिवशी ती सहाही पिल्लं घेऊन गेली. मला वाटलं विषय संपला. पावसाळा संपत आला तेव्हा ती काखेत एक तलंग घेऊन दारात उभी राहिली. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली कोंबडी. मान लाल, बोडकी.

"घे," ती म्हणाली. "माह्या मायनं मले देली होती, तशी तुले देतो. उद्या शिकाले दूर गेली, सासरी गेली, तं घेऊन जाजो."

आई म्हणाली, "नागपूरच्या हॉस्टेलात कोंबडी ठेवू देतात का?"

"इचारून पाहा," याडी म्हणाली.

एका गोष्टीची खंत राहिली आहे. याडीच्या आधी दोनदा अशीच कोंबडीखालची अर्धवट अंडी माझ्याकडे आली होती. दोन्ही वेळा बायांनी बाजारावरून दिवस सांगितले होते, आणि दोन्ही वेळा मी आमचा मंगळवार धरून मोजले होते. त्यातून काही निघालं नाही म्हणून मी ती पुरली. ती खरंच खराब होती का, हे आता कळायला मार्ग नाही. माझ्या वहीत आता तारखेच्या आधी एक रकाना आहे: कोणत्या गावचा बाजार?

दोन आठवड्यांपासून पेटी रिकामी आहे, म्हणजे बल्ब काढून ठेवला आहे. झालं असं, की पेटी धुऊन वाळत ठेवली होती, आणि ती बोडकी आत जाऊन बसली. हुसकून लावली तरी पुन्हा जाऊन बसायची. शेवटी आईने अंडी आणून तिच्याखाली सरकवली. बाबांनी वायर गुंडाळून खिळ्याला लावली आणि दुपारची पाळी सुटली म्हणून थोडे उदास झाले. याडी बघायला आली होती. डब्यात बसलेल्या कोंबडीकडे तिने वाकून पाहिलं.

"कोणत्या बाजाराले बसवली?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"तुमच्या, म्हंजे." तिने मान हलवली. "चालन."

जाताना तिने चुलीतला कोळसा मागून घेतला आणि आमच्या स्विचबोर्डाखालच्या भिंतीवर होऊन गेलेल्या बाजाराची पहिली रेघ ओढून दिली. दुसरी मला ओढायची आहे, उद्या, आमच्या बाजाराला. कोळसा कोनाड्यात ठेवला आहे.